अकबराची जिझियामाफी व दोन तवारिखकार

अकबर बादशहानें हिंदूंवरील जिझिया १५६४ सालीं माफ केला, हें विधान शालेय पुस्तकांपासून मोठमोठ्या ग्रंथांपर्यंत इतक्या निःशंकपणें केलेलें आढळतें कीं, त्यास आधार काय असें विचारणेंही वाचकांस चमत्कारिक वाटावें. त्याचा मुख्य आधार अबुल फजलचा अकबरनामा हा होय. परंतु हा ग्रंथकार दरबारांत आला तो १५७४ सालीं, व ग्रंथ लिहूं लागला तो त्यानंतर सुमारें पंधरा वर्षांनीं. ज्या आज्ञेचें तो एवढें भरघोस स्तवन करतो ती निघाली तेव्हां तो तेरा वर्षांचा मुलगा होता. बादशहाची उदार राजनीति आरंभापासूनच सिद्ध होती असें दाखविणें, हा तर त्याच्या ग्रंथाचा हेतूच.

अब्दुल कादिर बदायूनी हाही १५७४ सालींच दरबारीं आला. तो ही माफी १५७९ सालीं झाल्याचें सांगतो. इतकेंच नव्हे, तर १५७५ च्या सुमारास जिझियाची आकारणी ठरविण्याचा हुकूम सुटला व तो लवकरच विरून गेला, असेंही तो नमूद करतो. आधींच माफ झालेला कर पुन्हां ठरवावयाचा कशाला?

बदायूनी द्वेष्टा होता, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. बादशहानें धर्म सोडला हें ठसविण्यास १५७९ सालच त्यास सोयीचें, कारण धर्मविषयक वादांत बादशहाचा निर्णय अखेरचा ठरविणारा महजर त्याच वर्षींचा. पण १५७५ च्या हुकुमाची नोंद त्याच्या या आरोपास मुळींच उपकारक नाहीं, व म्हणूनच ती आम्हांस विश्वसनीय वाटते. शिवाय हा मनुष्य गैरसोयीची गोष्ट लपवीत नाहीं. १५७६ च्या हळदीघाटीच्या लढाईंत तो मानसिंगाच्या फौजेंत स्वतः होता. आपले रजपूत कोणते व शत्रूचे कोणते हें ओळखावें कसें, असें त्यानें आसफखानास विचारलें. कोणीही पडो, लाभ इस्लामाचाच, अशा आशयाचें उत्तर मिळालें, आणि तें त्यानें जसेंच्या तसें लिहून ठेविलें. पुढें महाभारताच्या फारशी भाषांतरास त्यालाच जुंपण्यांत आलें; त्यावरील त्याची चडफडही त्याच्याच ग्रंथांत वाचावयास मिळते!

या दोघांहून अधिक मोलाचा कागद म्हणजे चितोड पडल्यावर मार्च १५६८ मध्यें अजमेराहून निघालेला फतहनामा. त्यांतील भाषा धर्मयुद्धाची आहे. मुनशीची ठराविक लेखनपद्धति म्हणून तींतून कांहीं वजा करावें लागेल. तरी चार वर्षांपूर्वीं सर्व प्रजा समान लेखणाऱ्या बादशहाची ती भाषा नव्हे. १५६३ मध्यें यात्राकर उठविला होता हें खरें. तथापि १५६४ ची आज्ञा निघाली असल्यास ती अमलांत टिकली नाहीं, व कायम माफी १५७९ चीच, असें आमचें मत आहे.

शिवछत्रपतींच्या नांवें प्रसिद्ध असलेल्या, औरंगजेबाच्या १६७९ च्या जिझियाविरुद्धच्या पत्रांत अकबराचा गौरव येतो, तो कित्येक लेखक या वादांत पुरावा म्हणून पुढें करतात. त्या पत्रावरून शंभर वर्षांनंतर अकबराची आठवण कशी राहिली होती तेवढें कळतें. माफीचें साल त्यावरून ठरत नाहीं.