सारिका वर्तकचा सूड आणि आपण प्रेक्षक

मंडळी, बाईच्या हातात पिस्तूल दिलं की ती ‘खंबीर नायिका’ झाली, असं हल्ली सरसकट मानलं जातं. आम्हाला ते पटत नाही. पिस्तूल एका हातातून दुसऱ्या हातात गेलं, एवढंच. बाईला काय कळलं आणि त्या कळण्याची किंमत तिने कशी मोजली, हे आम्ही पाहतो.

म्हणून आज श्रीराम राघवन यांचा पहिला चित्रपट घेऊ, २००४ चा ‘एक हसीना थी’. मुंबईतल्या ट्रॅव्हल एजन्सीत काम करणारी सारिका वर्तक ही मध्यमवर्गीय मराठी मुलगी करण राठोडच्या प्रेमात पडते. त्याच्या ओळखीच्या माणसाची बॅग घरात ठेवून घेते आणि पोलीस येतात. वकील सांगतो, गुन्हा कबूल कर, लवकर सुटशील. ती कबूल करते. सात वर्षांची शिक्षा होते.

आता जुना ‘न्वार’ आठवा. १९४४ च्या ‘डबल इन्डेम्निटी’त फसणारा पुरुष, फसवणारी बाई, आणि गोष्ट सांगणाराही पुरुषच. गोळी लागलेल्या अवस्थेत तो आपली हकिकत ध्वनिमुद्रण यंत्रात बोलून ठेवतो. बाईची बाजू ऐकायला मात्र कुठलं यंत्र नाही. राघवन यांनी हे उलटं केलं. इथे घातक मोहिनी पुरुषाकडे आहे, सैफ अली खानच्या त्या गोड हसण्यात.

आणि फसवणुकीची रीत बघा. धाक नाही, मारहाण नाही. ‘मी आहे ना, तू फक्त हो म्हण.’ हे वाक्य चित्रपटातलं नाही, आपल्या घराघरातलं आहे. हिंगोलीत काय, वसमतला काय, औंढ्याला काय, हक्कसोडपत्रावर बहिणीची सही अशीच होते की नाही? ‘ताई, इथं सही कर, बाकी मी बघतो.’ कागद काय आहे, हे ताईला पुष्कळदा नंतर कळतं. सारिका मूर्ख नाही. विश्वास ठेवणं हाच चांगुलपणा, असं तिला शिकवलेलं आहे.

उर्मिला मातोंडकर यांची निवडही अर्थपूर्ण वाटते. ‘रंगीला’ (१९९५) रामगोपाल वर्मांचा, ‘एक हसीना थी’चे निर्मातेही तेच. ‘रंगीला’त कॅमेरा तिला न्याहाळत होता. इथे उत्तरार्धात तीच न्याहाळते. दिल्लीत करण पुन्हा भेटतो तेव्हा ती जुनीच भोळी सारिका होऊन दाखवते, आणि त्याला ते खरं वाटतं! स्वतःच्या भोळेपणाचा तिने मुखवटा केला. उर्मिलाचं काम इथे फार वरच्या दर्जाचं आहे. तुरुंगातून पळण्याचा भाग मात्र घाईत उरकलाय, पटत नाही.

‘कहानी’त (२०१२) विद्या बालनची नायिका आपल्यालाही फसवते, मग आपण तिच्या हुशारीला दाद देतो. इथे आपल्याला सगळं ठाऊक असतं. म्हणून गुहेत साखळदंडाने बांधलेल्या करणवर उंदीर सोडले जातात तेव्हा आपण निव्वळ साक्षीदार राहत नाही. ते उंदीर यावेत असं आपल्यालाच वाटत असतं. उंदरांना घाबरणारी मुलगी होती ती, हेही आपण विसरलेलो नसतो.

कांट शिक्षा आणि सूड यांत फरक करतो. शिक्षेचा अधिकार कायद्याचा, दुखावलेल्या माणसाचा नव्हे. सारिकाने ही मर्यादा मोडली, यात शंका नाही. पण त्यानंतर ती पळत नाही. एसीपी मालती वैद्य यांच्यापुढे स्वतः हजर होते. पहिली कबुली दुसऱ्याच्या शब्दावर दिलेली आणि खोटी होती. ही दुसरी तिची स्वतःची आहे आणि खरी आहे. आपल्या सुडाला ती न्याय म्हणत नाही. टाळ्या वाजवणारे आपण मात्र म्हणून मोकळे होतो. आमच्या मते तिचं बळ त्या गुहेत नाही, या हजर होण्यात आहे.

पुढच्या व्याख्यानात पुण्यात घडणारा ‘अंधाधुन’ घेऊ. तब्बूची सिमी कशाचीच कबुली देत नाही. तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घ्यायला जाणारा भाऊ आम्हाला बघायचाय.