राशीपाशी उभ्या बायका

समाजवादी वास्तववादी चित्रकलेचा विषय निघाला की दोन सूर हमखास ऐकू येतात. एक म्हणजे हा निव्वळ सरकारी प्रचार. दुसरा म्हणजे कष्टकरी बाईला इतक्या सन्मानानं दुसऱ्या कुणी रंगवलं? तात्याना याब्लोन्स्काया यांचं ‘ख्लेब’ (१९४९) समोर असलं की हे दोन्ही सूर अपुरे वाटू लागतात.

रशियन भाषेत ‘ख्लेब’ म्हणजे पाव, आणि धान्यसुद्धा. मॉस्कोच्या त्रेत्याकोव गॅलरीतलं हे चित्र साडेतीन मीटरांहून अधिक रुंद आहे. युक्रेनमधल्या सामूहिक शेतीवरचं खळं, सोनेरी धान्याची रास आणि पोती भरणाऱ्या बायका. मधली बाई बाही वर सारत हसते आहे. १९४८ मध्ये अशाच एका शेतीवर राहून याब्लोन्स्काया यांनी अभ्यासचित्रं केली होती, आणि ते जाणवतं. दंडांवरचं ऊन, वाकलेल्या पाठी, कामाचा एकमेकींत मिसळलेला ताल, हे सगळं पाहून रंगवलेलं आहे. अलेक्सांद्र सामोख्वालोव यांची १९३७ सालची ड्रिलवाली मेट्रो-कामगार शेजारी आठवून पाहा. ती प्राचीन पुतळ्यासारखी उभी आहे, आणि तिचं ड्रिल राजचिन्हासारखं वाटतं. याब्लोन्स्कायांच्या बायका मात्र खरोखर कामात आहेत.

मग खोटं कुठे आहे? आधी पुरुष कुठे आहेत ते विचारावं. चित्राचा पुढचा सगळा भाग बायकांनी व्यापलेला आहे. युद्धात कोट्यवधी माणसं गेली होती आणि गावची शेती बायकांच्या खांद्यावर आली होती. चित्र ही उणीव दाखवतं, पण तिचं दुःख होऊ देत नाही. उणिवेचा उत्सव होतो.

त्याहून मोठा प्रश्न राशीचा. १९४६-४७ मध्ये युक्रेननं दुष्काळ आणि उपासमार भोगली होती. शेतकऱ्यांना ठरावीक पगार नव्हता. सरकारी वसुली झाल्यावर उरेल त्यातून कामाच्या दिवसांच्या हिशेबानं वाटा मिळे, आणि तो बहुधा तुटपुंजा असे. ज्या वर्षी ही अभ्यासचित्रं झाली, त्याच १९४८ मध्ये ठरलेले दिवस न भरणाऱ्यांना दूरच्या प्रदेशात हद्दपार करण्याचे हुकूम निघाले. म्हणजे खळ्यावरची ही लगबग निव्वळ उत्साहाची नव्हती.

१९३४ च्या लेखक-काँग्रेसनं समाजवादी वास्तववादाची जी व्याख्या स्वीकारली, तिच्यात वास्तव ‘क्रांतिकारी विकासात’ दाखवण्याची अट होती. सोप्या शब्दांत, आज जे आहे त्यात उद्या जे येणार आहे ते दिसलं पाहिजे. ‘ख्लेब’मध्ये याचा परिणाम विलक्षण होतो. बायकांची शरीरं आजची आहेत आणि रास उद्याची. शरीरं इतकी खरी आहेत की त्यांच्या भरवशावर आपण राशीवरही विश्वास ठेवतो. चित्राला स्टालिन पारितोषिक मिळालं, त्यामागे ही ताकदही असावी.

म्हणून हे चित्र प्रचार म्हणून बाजूला सारू नये आणि सन्मान म्हणून भिंतीवर मिरवूही नये. बाईच्या श्रमाचं कौतुक करणं आणि त्या श्रमाचा वाटा तिला देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली गोष्ट दुसरीची जागा किती सहज घेते हे इथे दिसतं. त्या हसऱ्या बाईकडे जरूर पाहावं. मग तिच्या शेजारची भरलेली पोती पाहावीत, आणि ती कुठे निघाली आहेत ते विचारावं.