नदीचे नाव आणि माणसांची नावे

कादंबरीने वाचकाची झोप उडवावी, फार तर एखाद्या पिढीची बोलण्याची ढब बदलावी. परंतु तिने नकाशावरच्या नदीचे नाव बदलून दाखवावे, असे सहसा घडत नाही. पूर्वीच्या सयाममध्ये, म्हणजे आजच्या थायलंडमध्ये, ते घडले आहे. पिअर बूल या फ्रेंच लेखकाने १९५२ साली क्वाय नदीवरच्या पुलाची कादंबरी लिहिली. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी युद्धकैद्यांकडून बांधून घेतलेली आगगाडी एका नदीच्या काठाकाठाने जाते, एवढे त्यांनी ऐकले होते. तेव्हा पूलही त्याच नदीवर असणार, असे त्यांनी धरून चालवले. प्रत्यक्षात तो पूल होता मे क्लाँग नदीवर. पुढे चित्रपट गाजला, देशोदेशीचे प्रवासी कांचनाबुरी गावी येऊन ‘क्वायवरचा पूल कुठे?’ म्हणून विचारू लागले. थाई लोक व्यवहारी आणि अतिथिशील. त्यांनी पाहुण्यांची चूक काढण्याऐवजी १९६०च्या सुमारास नदीच्या त्या भागाचे नावच ‘ख्वे याई’ करून टाकले. ‘ख्वे’ म्हणजे उपनदी. ‘याई’ थोरली आणि ‘नोई’ धाकटी. बाहेरचे लोक मात्र अजून ‘क्वाय’ म्हणतात, आणि तो उच्चार थाई कानाला ‘ख्वाय’च्या, म्हणजे म्हशीच्या, फार जवळ जातो. जगभर गाजलेल्या त्या नावाचा कांचनाबुरीच्या बाजारातला अर्थ ‘म्हैसनदीवरचा पूल’ असा होतो, हे तिकडे गेल्यावर कळले.

गेल्या हिवाळ्यात आम्ही उभयता व कन्या बँकॉकच्या थोनबुरी स्थानकावरून त्या गाडीत बसलो. तिसऱ्या वर्गाचे डबे, लाकडी बाके, उघड्या खिडक्या, आणि दर स्थानकाला टोपल्या घेऊन चढणाऱ्या बाया. कांचनाबुरी सोडले की गाडी पुलावर येते. काळे पोलादी गाळे, काही कमानदार तर मधले दोन चौकोनी धाटणीचे. जपान्यांनी हे कमानदार सांगाडे जावा बेटावरून उचलून आणले होते. १९४५ साली दोस्तांच्या विमानांनी तीन गाळे पाडले, त्यांच्या जागी युद्धानंतर हे दोन बसवले. कन्येने खिडकीतून पाहिले आणि अगदी रास्त शंका काढली, “बाबा, तो पूल तर शेवटी उडाला होता ना? आणि तो लाकडाचा होता!”

तिचे म्हणणे खरे होते आणि खोटेही. चित्रपटातला पूल लाकडाचाच होता. तो सयाममध्ये नव्हे, सिलोनमध्ये, कितुलगलाजवळ केलानी नदीवर बांधला होता आणि डेव्हिड लीन यांनी तो कॅमेऱ्यासमोर खरोखरीच उडवला. गंमत अशी की बूल यांच्या कादंबरीत पूल उडत नाही, वाचतो. म्हणजे कादंबरीतला पूल वाचला, चित्रपटातला गेला, आणि खऱ्यावरून आजही गाडी धावते आहे. इतकेच नव्हे, तर दर वर्षी नोव्हेंबरअखेरीस तेथे सोहळा भरतो, प्रकाश आणि ध्वनी यांचा खेळ होतो, आणि आपल्या दिवाळीला मागे सारील अशा आतषबाजीत खरा पूल खोट्या पुलासारखा रोज रात्री ‘उडतो’. वास्तवाने कलेची नक्कल करावी ती किती!

पण या गमतीजमतींवर मला थांबायचे नाही. कलावंताने पूल हलवला, नदी बदलली, लाकूड की पोलाद यात गफलत केली, म्हणून त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणारा समीक्षक रसिक नव्हे, तलाठी होय. १९५७चा तो चित्रपट मी मॅटिनीला पाहिला तेव्हा भारावलो होतो, आणि पुन्हा पाहिला तरी त्याची पकड सुटत नाही. सात ऑस्कर पारितोषिके त्याला उगीच मिळाली नाहीत. कर्नल निकल्सन हा इंग्रज अधिकारी कैदेतही नियमावर बोट ठेवतो. अधिकाऱ्यांनी अंगमेहनत करायची नाही म्हणून तो उन्हात, कोठडीत मरणयातना सोसतो. जिंकल्यावर मात्र शत्रूचा पूल शत्रूपेक्षा चांगला बांधून देण्याच्या नादाला लागतो. काम चोख करावे, या सद्गुणातूनच त्याचा प्रमाद जन्मतो. अॅलेक गिनेस यांनी हा माणूस असा उभा केला आहे की त्याचा रागही येतो आणि कीवही. शोकांतिकेला याहून चांगले बीज कोणते हवे?

तरीही त्या रुळांवरून फिरून आल्यापासून मला एक प्रश्न छळतो आहे. ही शोकांतिका उभी राहण्यासाठी लेखक-दिग्दर्शकांना चौकटीबाहेर काय ठेवावे लागले?

आधी थोडी हकीकत सांगतो. जपान्यांनी १९४२ साली ब्रह्मदेश घेतला. पण तेथल्या फौजेला रसद पोचवायची तर सिंगापूरला वळसा घालणारा समुद्रमार्ग दोस्तांच्या पाणबुड्यांमुळे धोक्याचा. म्हणून सयाममधील बान पाँगपासून ब्रह्मदेशातील थानब्यूझायातपर्यंत सुमारे ४१५ किलोमीटर लोहमार्ग डोंगर आणि अरण्य फोडून टाकायचा ठरला. १९४२च्या मध्याला काम सुरू झाले आणि १७ ऑक्टोबर १९४३ रोजी दोन्ही टोके एकमेकांना भिडली. यंत्रे जवळजवळ नाहीतच. घण, पहार, फावडे, टोपली आणि माणूस. सुमारे ६० हजार युद्धकैदी राबले. ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, डच आणि थोडे अमेरिकन. त्यांतले १२ हजारांहून अधिक मेले. त्यांच्याबरोबर आशियातले मजूर राबले पावणेदोन लाखांहून अधिक: ब्रह्मी, जावानीज, मलाय, चिनी, आणि मलायातल्या रबराच्या मळ्यांवरचे तमिळ. त्यांतले किती मेले याची मोजदाद कुणी धड ठेवलीच नाही. अभ्यासक ९० हजारांच्या आसपासचे आकडे देतात, काही त्याहूनही मोठे.

हे तमिळ लोक तेथे आले कसे? इंग्रज मलाया सोडून गेले, रबराचा व्यापार बसला, मळ्यांवर उपासमार सुरू झाली. काही महिन्यांचे काम आहे, रोख मजुरी आहे, असे सांगून माणसे गाडीत भरण्यात आली. कुणी बायकामुलांसकट गेले. माणसे पुरेनात तेव्हा धरपकड सुरू झाली. आणि एक युक्ती तर अशी की ऐकून अंगावर काटा यावा. फुकट सिनेमा दाखवतो म्हणून लोकांना जमवायचे, दारे लावून घ्यायची आणि तेथूनच तरण्या पुरुषांना मालगाडीत चढवायचे.

वाचकहो, जी माणसे सिनेमाच्या आमिषाने या रुळांवर आली, त्यांना पुढे या रुळांवरच्या सर्वांत मोठ्या सिनेमात जागा मिळाली नाही. लीन यांच्या चित्रपटात सयामी स्त्रिया दिसतात, पण त्या कमांडोंचे ओझे वाहण्यापुरत्या. पुलावर राबतात ते फक्त गोरे सैनिक.

‘लेखकाने गोऱ्यांची गोष्ट सांगायची ठरवली, त्यात बिघडले काय?’ असे कुणी म्हणेल. एरवी मीही तेच म्हटले असते. पण इथे वगळणे निरुपद्रवी नाही. ते या कलाकृतीच्या पायातच आहे. निकल्सनचा पूल हा अभिमानाचा विषय होऊ शकतो तो केवळ चौकटीत त्याचेच लोक आहेत म्हणून. शेजारच्या छावणीत पटकीने मेलेल्या मळेमजुरांचे खड्डे एकदा जरी पडद्यावर आले असते, तर ‘काम चोख करावे की नाही’ हा तात्त्विक पेच प्रेक्षकाच्या मनात क्षणभरही टिकला नसता. शोकांतिकेला लागणारी उंची त्या खड्ड्यांवर माती लोटून मिळवली आहे.

दुसरी गोष्ट याहून सूक्ष्म आहे. चित्रपटात शिस्त ही निकल्सनच्या अहंकाराची बहीण आहे. प्रत्यक्षात त्या जंगलात शिस्त म्हणजे काय होते? पाणी उकळून पिणे, शौचाचे चर खणणे, आजाऱ्याला कामातून सोडवण्यासाठी रोज पहारेकऱ्यांशी हुज्जत घालणे. ज्या छावणीने खरा पूल बांधला तिथले वरिष्ठ ब्रिटिश अधिकारी लेफ्टनंट कर्नल फिलिप टूसी यांनी हेच केले. निकल्सनशी त्यांची तुलना झाली तेव्हा त्यांच्या हाताखालचे कैदी चिडले, यात नवल नाही. कैद्यांजवळ असे अधिकारी होते, लष्करी डॉक्टर होते. मळ्यावरून आणलेल्या तमिळ कुटुंबाजवळ यातले काहीच नव्हते. १९४३च्या पावसाळ्यात पटकी आली तेव्हा हा फरक जीवन आणि मरण यांतला फरक ठरला. शिस्तीचे हे खरे नाट्य चित्रपटाच्या हातून निसटले. ते पकडले असते तर निकल्सन लहान झाला नसता. उलट अधिक गुंतागुंतीचा, अधिक मोठा झाला असता.

नंतरच्या पुस्तकांनी बरीच भरपाई केली. एरिक लोमॅक्स या स्कॉटिश कैद्याचे १९९५चे आत्मकथन वाचताना मी कित्येकदा पुस्तक मिटून ठेवले. त्याच्या छळाच्या वेळी हजर असलेला जपानी दुभाषी नागासे आणि तो १९९३ साली याच पुलाशी पुन्हा भेटले. रिचर्ड फ्लॅनगन या ऑस्ट्रेलियन लेखकाचे वडील या मार्गावर कैदी होते; त्यांच्या कादंबरीला २०१४ साली बुकर पारितोषिक मिळाले. दोन्ही पुस्तके मोठी आहेत. पण लिहिणारे कुणाचे? ज्यांना लिहिता येत होते त्यांचे.

गाडी पुढे ख्वे नोईच्या काठाने जाते. थाम क्रासे येथे डोंगराच्या कड्याला लगटून लाकडी खांबांवरचा पूल आहे. एका हाताला खडक इतका जवळ की बोटे लागतील, दुसऱ्या हाताला खाली संथ, हिरवट, रुंद पाणी. गाडी मुंगीच्या पावलांनी सरकते, सारे प्रवासी नदीच्या बाजूला लोटतात. ‘किती सुंदर!’ सौभाग्यवती म्हणाल्या आणि लगेच गप्प झाल्या. त्या जागेची अडचण ही आहे. ती खरोखरच सुंदर आहे, आणि तसे म्हणताना जीभ अडखळते. गाडी नाम तोकला संपते. पुढचा मार्ग युद्धानंतर उखडला गेला. तिथून पुढे रस्त्याने गेले की हेलफायर पास ही खिंड येते. कैद्यांनी रात्री मशालींच्या उजेडात घणांनी फोडलेली. ऑस्ट्रेलियाने तिथे १९९८ साली उत्तम संग्रहालय उभारले आणि आपली माणसे नावानिशी जपली. कांचनाबुरीच्या युद्धस्मशानातही तेच: सात हजारांच्या आसपास थडगी, हिरवळ कातरलेली, प्रत्येक दगडावर नाव आणि वय. वये वाचवत नाहीत.

गावातल्या एका बौद्ध मठाने १९७७ साली संग्रहालय काढले. त्याचे नाव ‘जीथ’. जपान, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिका, थायलंड आणि हॉलंड यांच्या इंग्रजी आद्याक्षरांतून ते जुळवले आहे. कन्येने बोटांवर अक्षरे मोजली आणि विचारले, “मलाया कुठेय? ब्रह्मदेश?” नावात त्यांना अक्षर नाही. खुद्द जपानी अभियंत्यांनी मात्र १९४४ साली पुलाजवळ मृतांसाठी स्तंभ उभारला, आणि त्यावरच्या शिलालेखांत तमिळही आहे. मारणाऱ्यांना मेलेल्यांची भाषा आठवली. गोष्ट सांगणाऱ्यांना आठवली नाही.

यात आपणही आलोच. हा मार्ग ज्या मोहिमेला रसद पुरवण्यासाठी झाला तिचा शेवट १९४४ साली इंफाळ-कोहिमाला झाला, आणि आझाद हिंद सेनेच्या तुकड्याही याच रुळांवरून ब्रह्मदेशाकडे गेल्या. नेताजींच्या त्या फौजेत मलायाच्या मळ्यांवरची तमिळ पोरेपोरी होती. त्यांचे शौर्य आपण शाळेत शिकलो, गाणी गाइलो. ते शौर्य खरेच होते. पण त्यांच्या गाडीखालचे स्लीपर त्यांच्याच भाऊबंदांनी टाकले होते, हे आपल्या कुठल्या पाठ्यपुस्तकात आहे? चौकटीबाहेर ठेवण्याची कला केवळ डेव्हिड लीनना अवगत होती, असे नाही.

मलायातल्या तमिळ लेखकांनी मात्र या मरणगाडीवर कादंबऱ्या लिहिल्या आहेत, वाचलेल्यांच्या तोंडच्या आठवणी ऐकून. कांचनाबुरीच्या ज्या मठात मजुरांच्या अस्थी एकत्र ठेवल्या गेल्या, तिथे २०२३ साली तमिळांनी त्यांच्या रीतीचा वीरगळ उभारला. म्हणजे गोष्ट हरवलेली नाही. ती आपल्यापर्यंत आलेली नाही. फ्रेंच कादंबरी इंग्रजीतून जगभर जाऊन नदीचे नाव बदलते, आणि शेजारच्या द्राविडी भाषेतली कादंबरी सह्याद्री ओलांडून येत नाही. हा दोष बूल यांच्या माथी मारता येणार नाही.

म्हणून माझी शिफारस साधी आहे. तो चित्रपट जरूर पाहा. मुलांनाही दाखवा, कारण तो उत्तम आहे. पाहून झाल्यावर त्यांना विचारा, की यात कोण दिसले नाही. आणि कुणा तमिळ जाणणाऱ्या मराठी माणसाने त्या कादंबऱ्यांपैकी एखादी मराठीत आणली, तर पुढल्या दिवाळीत तिच्यावर लिहायला मला मनापासून आवडेल.