विद्यार्थ्यांची सभा आणि घराचा उंबरठा

महाविद्यालयांत शिकणाऱ्या तरुणांची एखादी धर्मनिरपेक्ष सभा निघाली म्हणजे थोड्याच महिन्यांत तिच्यापुढें एक प्रश्न उभा राहतो. आपसांत बोलून झालें. आतां लोकांत कसें जावें? पत्रकें छापावीं, आवारांत मेज मांडून येणाऱ्याजाणाऱ्यास थांबवावें, कीं बुवांच्या चमत्कारांचे प्रयोग करून दाखवावे? ह्या प्रश्नाचा विचार बहुधा सोयीच्या दृष्टीनें होतो, टीकेच्या दृष्टीनें क्वचितच. ग्रंथाची परीक्षा आपण करितों तशीच लोकप्रचाराचीही व्हावी असें आमचें मत आहे. कारण त्यांतही वक्ता आहे, श्रोता आहे, भाषा आहे आणि औचित्यही आहे. आपल्या देशांत ह्या प्रश्नाचीं जीं उत्तरें पूर्वीं देऊन पाहिलीं गेलीं त्यांपैकीं तीन येथें तपासून पाहूं.

पहिलें उत्तर कलकत्त्याचें. तेथील हिंदु कॉलेजांत हेन्री डेरोझिओ हा तरुण शिक्षक होता. त्याच्याभोंवतीं जमलेल्या विद्यार्थ्यांची ‘अकॅडेमिक असोसिएशन’ ही सभा १८२८ च्या सुमारास सुरू झाली, आणि देव, दैव, मूर्तिपूजा अशा विषयांवर तींत मोकळेपणानें वाद होऊं लागले. नास्तिकता शिकविल्याचा आरोप आला तेव्हां डेरोझिओनें उत्तर दिलें कीं, ईश्वराविषयीं ह्यूमचे आक्षेप मीं विद्यार्थ्यांपुढें मांडले, तसेच रीड व स्ट्यूअर्ट ह्यांनीं त्यांस दिलेले जबाबही मांडले. तरी १८३१ मध्यें त्यास राजीनामा द्यावा लागला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस वयाच्या अवघ्या २२ व्या वर्षीं तो वारला. गुरूचा हा समतोल शिष्यांच्या लोकप्रचारांत मात्र उतरला नाहीं. त्याच ऑगस्टांत कृष्णमोहन बंदोपाध्याय ह्यांच्या घरीं जमलेल्या मित्रांनीं गोमांस खाऊन हाडें शेजारच्या ब्राह्मणाच्या घरांत फेंकलीं. कृष्णमोहन त्या वेळीं तेथें नव्हते. पण घर सोडावें लागलें तें त्यांस. सभेंतील वाद इंग्रजींत चालत. म्हणजे ज्या घरांच्या समजुती हालवावयाच्या त्यांतील बहुतेकांस ते कळण्याजोगे नव्हते. ह्या मंडळींनीं १८३१ मध्येंच ‘ज्ञानान्वेषण’ हें बंगाली पत्र काढलें, ही गोष्ट त्यांच्या बाजूनें सांगितलीच पाहिजे. परंतु हाडाचा बोभाटा पत्राहून मोठा झाला. अंगणांत पडलेलें हाड हा युक्तिवाद नव्हे. त्यास उलट उत्तर देण्याची सोय ऐकणाऱ्यास नसते.

दुसरें उत्तर मुंबईचें. एल्फिन्स्टन विद्यालयांत १३ जून १८४८ रोजीं प्राध्यापक पॅटन ह्यांच्या प्रोत्साहनानें विद्यार्थ्यांची साहित्य व शास्त्रविषयक सभा स्थापन झाली. लोकांस लोकांच्या भाषेंत ज्ञान द्यावें म्हणून तिनें मराठी व गुजराथी ज्ञानप्रसारक शाखा काढल्या. मराठी शाखेचे अध्यक्ष दादोबा पांडुरंग होते. १८५० पासून निघूं लागलेलें ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हें मासिक १८६७ पर्यंत चाललें. पण सभेचें खरें तेज आम्हांस दिसतें तें तिनें १८४९ मध्यें काढलेल्या मुलींच्या शाळांत. दादाभाई नौरोजी व त्यांचे सोबती घरोघर जाऊन मुली मागत. कांहीं बापांनीं त्यांस जिन्यावरून लोटून देण्याची धमकी दिली. तरी ४४ पारशी व २४ हिंदु मुली मिळाल्या, आणि ह्या तरुणांनीं आपलें रोजचें काम सांभाळून त्यांस विनावेतन शिकविलें. येथें प्रचारक उंबरठ्यापर्यंत गेला, घरच्या भाषेंत बोलला, आणि ‘नाहीं’ म्हणण्याचा अधिकार त्यानें घरधन्यापाशींच ठेविला. कलकत्त्यास जें साधलें नाहीं तें येथें साधलें.

परंतु ह्या यशाची किंमतही मोजली पाहिजे. धर्म आणि राजकारण हे विषय सभेनें आपल्या चर्चेबाहेर ठेविले होते. पदार्थविज्ञान सांगावें, भूगोल सांगावा. पण जातिभेद किंवा मूर्तिपूजा ह्यांविषयीं धर्माच्या अंगानें शंका काढावयाची ती कोठें? ह्याचें उत्तर पुढच्याच वर्षीं मिळालें, आणि तेंच आमचें तिसरें उदाहरण होय. १८४९ मध्यें परमहंस सभा निघाली. तिच्या संस्थापकांत तेच दादोबा पांडुरंग होते. ही मंडळी ईश्वर मानणारी होती, पण जात मोडणारी होती; परजातीच्या हातचें अन्न तेथें एकत्र खाल्लें जाई, आणि हें सर्व गुप्त ठेविलें जाई. पुढें सभासदांचीं नांवें बाहेर फुटलीं आणि १८६० च्या सुमारास मंडळी पांगली. एकाच गृहस्थानें उघड्या सभेचें अध्यक्षपद भूषवावें आणि बंद दाराआडची सभाही चालवावी, हा केवळ स्वभावाचा दुबळेपणा आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. व्यासपीठावर ज्या प्रश्नास मज्जाव केला तो नाहींसा झाला नाहीं. तो दार लावून बसला. उघड्या सभेनें लोक घेतले आणि प्रश्न सोडला. गुप्त सभेनें प्रश्न घेतला आणि लोक सोडले. दोन्ही मिळून एक काम व्हावयाचें, तें अर्धेंअर्धें झालें.

आजच्या विद्यार्थिसभांनीं ह्यांतून काय घ्यावें? त्यांची स्थिति दादोबांहून पुष्कळ बरी आहे. वैज्ञानिक दृष्टि वाढविणें हें १९७६ पासून संविधानांत नागरिकाचें कर्तव्य म्हणून लिहिलेलें आहे. तरी धोका सरला असें मात्र नाहीं. डॉ. नरेंद्र दाभोलकर ह्यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत भररस्त्यांत खून झाला, हें कोणास विसरतां येणार नाहीं. त्यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीनें आमचा देवाधर्मास विरोध नाहीं, शोषणास आहे, अशी भूमिका घेतली. हा एल्फिन्स्टनचाच जुना सावधपणा आहे, अशी टीका कडवे नास्तिक करितात. आम्हांस ती पुरती पटत नाहीं. आपण कोणत्या प्रश्नावर लढावें हें ठरविणें वेगळें, आणि समोरच्यास प्रश्न विचारूं न देणें वेगळें. पहिलें धोरण आहे, दुसरें मौन आहे.

मात्र प्रयोगांविषयीं एक शब्द. मंत्रानें अग्नि पेटविण्याचा प्रयोग विद्यार्थी फार हौसेनें करितात. कुंडांत पोटॅशियम परमँगनेटची पूड लपविलेली असते, आणि तूप म्हणून वर ओततात तें ग्लिसरीन असतें. थोड्या वेळांत ज्वाला निघते, टाळ्या पडतात. प्रयोग करणारा तेवढ्यावर थांबला, तर प्रेक्षकाच्या मनांत बुवाच्या जागीं विद्यार्थी बसला, इतकाच फरक झाला. पूड कोणती, ती कोठें मिळते, किती घातली, हें सांगून योग्य ती काळजी घेऊन तोच प्रयोग प्रेक्षकांतल्या एखाद्या आजोबांच्या हातून करवावा. मग ते जें विचारतील त्यास उत्तर द्यावें. उत्तर ठाऊक नसल्यास तसें सांगावें. पत्रकाचीही हीच गोष्ट. ज्या पत्रकास वाचणारा उलट पत्र लिहूं शकत नाहीं, तें पत्रक म्हणजे नुसता जाहीरनामा होय.

विद्यार्थ्यांच्या सभेची कसोटी आवारांत किती गर्दी जमली ही नव्हे. तिचा सभासद सुटींत घरीं जातो. घरीं सत्यनारायण असतो, आई प्रसाद पुढें करिते. कलकत्त्याच्या त्या मित्रांप्रमाणें त्यानें तो भिरकावूं नये. परमहंसांप्रमाणें घरीं एक आणि सभेंत एक असेंही राहूं नये. सभेंत जें बोललों तें त्याला स्वयंपाकघरांत बसून, आईच्या शब्दांत, तिचें म्हणणें शेवटपर्यंत ऐकून सांगतां आलें पाहिजे. ती त्या दिवशीं पटवून घेणार नाहीं. पुढच्या सुटींत तिनें आपणहून विषय काढला, तर सभेचें काम चाललें आहे असें समजावें.