क्रिमिया बेट असतं तर

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी एक देश बांधायला घेतला होता. हॉस्टेलच्या खोलीत, सबमिशनं बाजूला टाकून. पानिपतावर मराठे जिंकले असते तर काय, हा तसा चघळून चोथा झालेला प्रश्न, पण मला तो गप्पांपुरता नको होता. रीतसर एक्सेल शीट केली होती. पहिल्या पानावर १७६१ नंतरचे पेशवे, दुसऱ्यावर रेल्वेमार्ग, तिसऱ्यावर नाणी आणि नोटा, चौथ्यावर सैन्याची पदं. सोबत हातानं रंगवलेला नकाशा.

माझा रूममेट बंगाली होता. त्यानं एकदा तो नकाशा नीट पाहिला आणि विचारलं, "आमचं काय केलंस?" मी उदार मनानं सांगितलं, बंगालला पूर्ण स्वायत्तता दिली आहे, फक्त चौथाई द्यायची. तो हसला. म्हणाला, लहानपणी झोपलो नाही की आजी तुमच्याच लोकांची भीती घालायची. १७४१ पासून दहाएक वर्षं नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर जात होत्या, आणि तिथल्या अंगाईगीतात 'बर्गी' अजून येतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. बर्गी म्हणजे आपले बारगीर. आमच्या पुस्तकात त्या सगळ्याला 'मोहीम' म्हणत.

शीट तिथं थांबली. पर्यायी इतिहासाचा नाद मात्र सुटला नाही, आणि यंदा वसिली अक्स्योनोवची 'द आयलंड ऑफ क्रिमिया' मायकेल हेन्री हाइमच्या इंग्रजी अनुवादात वाचताना तो नकाशा सारखा आठवत राहिला. माझ्या देशात नेमकं काय नव्हतं ते या कादंबरीत आहे. आणि काही बाबतींत तिनंही माझीच चूक केली आहे.

कादंबरीची अट एका ओळीची आहे: क्रिमिया द्वीपकल्प नसून बेट आहे. बस्स. प्रत्यक्षात क्रिमिया मुख्य भूमीला पेरेकोपच्या चिंचोळ्या संयोगभूमीनं जोडलेला आहे आणि तिच्या बाजूला सिवाश नावाचा उथळ, खारट, दुर्गंधीसाठी प्रसिद्ध असलेला पाणथळ पट्टा आहे. यादवी युद्धाच्या शेवटी, नोव्हेंबर १९२० मध्ये, जनरल व्रांगेलचं श्वेत सैन्य इथंच आडोसा धरून बसलं होतं. वाऱ्यानं सिवाशचं पाणी मागे हटलं, कडाक्याची थंडी पडली, लाल सैन्य चिखलातून चालत पलीकडे गेलं आणि पेरेकोप पडलं. सुमारे दीड लाख माणसं जहाजांत बसून कॉन्स्टँटिनोपलकडे निघून गेली. मागे राहिलेल्यांपैकी हजारोंना पुढच्या काही महिन्यांत गोळ्या घातल्या गेल्या.

अक्स्योनोवनं संयोगभूमी पुसून तिथं सामुद्रधुनी आणली. समुद्र गोठतो, लाल सैन्य बर्फावरून चालून येतं, आणि बर्फात अडकलेल्या जहाजावरचा एक तरुण इंग्रज लेफ्टनंट, कुणाचा हुकूम नसताना, तोफ चालवतो. बर्फ फुटतं. त्याला ना श्वेतांचं प्रेम, ना लालांचा द्वेष. आली लहर, उडवला गोळा. पुढची साठ वर्षं त्या लहरीवर उभी आहेत.

मराठी वाचकाला इथं जयंत नारळीकरांचं 'गंगाधरपंतांचे पानिपत' आठवणारच. तिथं विश्वासरावांना लागलेली गोळी कानाजवळून निघून जाते, आणि तेवढ्यानं हिंदुस्थानचा इतिहास दुसऱ्या रुळावर जातो. नारळीकरांना खरं आकर्षण आहे ते त्या सांध्याचं. दोन्ही जगं एकाच वेळी कशी असू शकतात, हे त्यांना भौतिकशास्त्रातून सांगायचं आहे, म्हणून पलीकडचा देश ते चार फटकाऱ्यांत उभा करतात. पण त्यातला एक फटकारा मला कायम ग्रेट वाटत आला आहे. त्या देशात भाषणाला अध्यक्ष नसतो. व्यासपीठावर खुर्ची रिकामी दिसते म्हणून इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत सवयीनं पुढे होतात आणि श्रोते चिडतात, कारण अध्यक्ष, प्रास्ताविक, आभारप्रदर्शन या गोष्टींना तो देश केव्हाच कंटाळलेला आहे. माझ्या शीटमध्ये दोनशे चाळीस वर्षांची वंशावळ होती, पण माझे नागरिक कशाला कंटाळले आहेत, याचा रकाना नव्हता.

अक्स्योनोवची अख्खी कादंबरी त्या रकान्यात भरलेली आहे. बेटावर सुबत्ता आहे: गगनचुंबी इमारती, सुसाट हमरस्ते, कॅसिनो, मोकळी वर्तमानपत्रं, ढीगभर पक्ष. पहिली पन्नास पानं वाचताना वाटतं की हा सोविएत लेखकाचा दिवास्वप्नाचा कार्यक्रम चालला आहे. अक्स्योनोव चार वर्षांचा असताना, १९३७ मध्ये, त्याच्या आईवडिलांना अटक झाली. आई येवगेनिया गिंझबर्ग हिनं छावण्या आणि हद्दपारी मिळून अठरा वर्षं काढली. सोळाव्या वर्षी तो तिच्याकडे मगादानला, म्हणजे हद्दपारीतल्या गावी, राहायला गेला. अशा माणसानं कागदावर एक मोकळा रशिया बांधून त्यात जरा मजा केली, तर कुणी नावं ठेवू नयेत.

पण हे स्वप्नरंजन टिकत नाही. या समृद्ध देशातल्या लोकांना आपला देश हा देश वाटतच नाही. १९२० साली आलेली पिढी स्वतःला 'तात्पुरते स्थलांतरित' म्हणवते. साठ वर्षं झाली, नातवंडं झाली, तरी तात्पुरते. संस्थांच्या नावांतही 'तात्पुरतं' हा शब्द लावलेला. सॉफ्टवेअरमधल्या कुणालाही हे लगेच ओळखू येईल. आमच्याकडे ज्या फाइलच्या नावात 'टेम्प' असतं, तीच दहा वर्षं प्रॉडक्शनमध्ये चालते आणि तिला हात लावायची कुणाची छाती होत नाही. विनोद सोडला तरी, देश बांधण्याच्या दृष्टीनं ही फार हुशार कल्पना आहे. सीमा, झेंडा, नाणं यांतून देश दिसतो खरा, पण लोक त्याला काय म्हणतात आणि म्हणताना कुठं अडखळतात, यातून तो कळतो.

नायक आंद्रेइ लुचनिकोव एका मोठ्या रशियन वर्तमानपत्राचा संपादक आहे. पैसेवाला, देखणा, वेगानं गाड्या हाकणारा. त्याची आणि त्याच्या मित्रांची एक चळवळ आहे: 'समान नियतीचा संघ'. रशियन आद्याक्षरं जोडली तर होतात 'एसओएस'. चळवळीचं म्हणणं असं, की मायभूमी दुःखात असताना आपण बाजूला राहून चैन करणं पाप आहे, तेव्हा बेटानं स्वखुशीनं सोविएत संघात विलीन व्हावं. लुचनिकोवला तिथं काय आहे ते माहीत नाही असं नाही. तो मॉस्कोला जाऊन येऊन असतो. निघण्यापूर्वी तिथल्या मित्रांसाठी न्यायच्या वस्तूंची तो जी खरेदी करतो, ती यादी कादंबरीतला सगळ्यात करुण मजकूर आहे. दाढीच्या ब्लेडांपासून सुरू होते ती संपतच नाही. अमेरिकेहून येणाऱ्या काकाच्या बॅगेकडे आपण लहानपणी ज्या डोळ्यांनी पाहायचो, ते डोळे इथं बॅग भरणाऱ्याला दिसत आहेत, आणि ते त्याला सहन होत नाहीत.

इथं कादंबरी फार वरच्या पातळीवर जाते. पर्यायी इतिहासाच्या बहुतेक पुस्तकांत स्वतंत्र झालेला देश टिकेल का, हा प्रश्न असतो: शत्रू येईल का, फितुरी होईल का. अक्स्योनोव विचारतो, या लोकांना तो टिकवायचा आहे का? सुखाची शरम वाटून, निवडणूक जिंकून, लोकशाही मार्गानं हे लोक स्वातंत्र्याचं विसर्जन करायला निघतात. ही अपराधाची भावना लेखकानं टवाळीवारी नेलेली नाही. लुचनिकोव मूर्ख आहे, पण त्याचा मूर्खपणा उदात्त आहे. आपण त्याच्यापेक्षा शहाणे आहोत असं वाटू लागतं तेवढ्यात तो असं काही बोलतो की आपण गप्प बसतो. स्वतःचं बरं चाललेलं असताना मागे राहिलेल्यांशी आपलं नातं काय, हा प्रश्न पुण्यात बसून अमेरिकेतल्या टीमसाठी कोड लिहिणाऱ्यालाही अधूनमधून पडतो. उत्तर म्हणून मी वर्षातून दोनदा गावी जातो आणि तिथल्या वायफायला शिव्या देतो.

शेवट सांगून टाकतो, कारण पुस्तक त्यावर अवलंबून नाही. विलीनीकरणाचा अर्ज जातो. सोविएत संघ त्याला उत्तर देण्याऐवजी फौज पाठवतो. कुणीही विरोध करत नसताना रणगाडे उतरतात, आणि मॉस्कोतून जाहीर होतं की हा वसंत ऋतूचा लष्करी क्रीडामहोत्सव आहे. मिठी मारायला पुढे झालेल्या माणसाला बेड्या घालायच्या, कारण त्या यंत्रणेत 'कुणी आपणहून येतो' या इनपुटची सोयच केलेली नाही. मला यात सोविएत व्यवस्थेवरची टीका कमी आणि एक अचूक निरीक्षण जास्त दिसतं.

२०१४ मध्ये बिनबिल्ल्यांचे सैनिक क्रिमियात दिसले, १६ मार्चला सार्वमत उरकलं, आणि अक्स्योनोवनं हे आधीच लिहून ठेवलं होतं असं अनेकांनी म्हटलं. मला ते पटत नाही. कादंबरीतलं बेट स्वतंत्र, श्रीमंत आणि स्वतःच्या रशियनपणानं पछाडलेलं आहे. खरा क्रिमिया हा युक्रेनचा भाग होता. भाकित म्हणून वाचलं तर पुस्तक लहान होतं.

आता तक्रारी. पहिली किरकोळ, निव्वळ इंजिनिअरची. या बेटाला पाणी कुठून येतं? खरा क्रिमिया, विशेषतः उत्तरेकडचा, कोरडा आहे. १९६१ मध्ये काम सुरू झालेल्या उत्तर क्रिमिया कालव्यानं नीपर नदीचं पाणी काखोव्का जलाशयातून तिथं आणलं, आणि द्वीपकल्पाच्या गरजेतला सिंहाचा वाटा तोच भागवत होता. २०१४ नंतर युक्रेननं तो बंद केला तेव्हा शेतं वाळली. हा कालवा येतो पेरेकोपवरून, म्हणजे अक्स्योनोवनं पुसलेल्या त्याच जमिनीवरून. गगनचुंबी इमारतींच्या जलतरण तलावांत तो काय भरतो कोण जाणे. एक व्हेरिएबल बदललं की त्यावर काय काय अवलंबून आहे ते शोधावं लागतं. हे त्यानं केलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर या पुस्तकात मला त्याचा फारसा त्रासही झाला नाही.

दुसरी तक्रार स्त्रियांबद्दल. तान्या लुनिना ही सोविएत नायिका लुचनिकोववर प्रेम करते आणि त्याच वेळी गुप्त पोलिसांच्या जाळ्यात असते. केवढं मोठं पात्र होऊ शकलं असतं. लेखक तिच्याकडे बहुतेक वेळा शेजारच्या टेबलावरून न्याहाळल्यासारखं पाहतो. क्रिस्तिना आणि पामेला तर याहून पातळ.

तिसरी तक्रार मोठी आहे, आणि तिथंच मला माझा नकाशा दिसला. मे १९४४ मध्ये स्तालिननं क्रिमियन तातारांना, म्हणजे सुमारे दोन लाख माणसांना, काही दिवसांत मालगाड्यांत कोंबून मुख्यतः उझबेकिस्तानात हद्दपार केलं. ते या घटनेला 'सुर्गुनलिक' म्हणतात. वाटेत आणि पहिल्या वर्षांत मेलेल्यांची गणती अजून वादात आहे. कादंबरी १९८१ मध्ये अमेरिकेत छापली गेली, तेव्हाही त्यांना सामूहिकरीत्या परतायची मुभा नव्हती. अक्स्योनोवच्या बेटावर सोविएत सत्ता कधी आलीच नाही, म्हणजे ही हद्दपारीही झाली नाही. त्या एका तोफगोळ्याचा सगळ्यात मोठा परिणाम हाच! इमारती नाहीत, वर्तमानपत्रं नाहीत. एक अख्खी जमात आपल्या घरी आहे. आणि हे तातार कादंबरीत आहेत कुठं? रस्त्यावर, बाजारात, राजकारणाच्या एका कोपऱ्यात. बेटाचं काय करायचं याची चर्चा रशियन संपादक रशियन मित्रांशी करतो, आणि 'समान नियती'तला 'समान' कुणाशी, हे त्याला कुणी तातार माणूस विचारत नाही. माझ्या रूममेटसारखं कुणी त्याच्या खोलीत राहत नव्हतं.

मात्र अक्स्योनोवला याची चाहूल असावी, कारण त्यानं 'याकी' निर्माण केले आहेत. बेटावर जन्मलेली तरुण पोरं स्वतःला रशियन म्हणत नाहीत, तातारही नाही. सगळ्यांच्या मिश्रणातून झालेलं ते याकी राष्ट्र, आणि त्याची भाषा म्हणजे रशियन, तातार, इंग्रजी आणि इतर जे सापडेल त्याची मिसळ. लुचनिकोवचा मुलगा आंतोन यात सामील आहे. बापाला हे पोरखेळ वाटतं, आणि लेखकाचाही कल तसाच दिसतो. याकींची पानं थट्टेच्या सुरात आहेत. मी ती दोनदा वाचली. 'आम्ही तात्पुरते नाही, आम्ही इथलेच' असं म्हणणारे या पुस्तकात तेवढेच आहेत. त्यांच्याकडे पक्ष नाही, पैसा नाही, शब्दही पुरेसे नाहीत. निवडणुकीत त्यांचं कुणी ऐकत नाही.

शेवटच्या पानांत फौज उतरलेली असताना आंतोन, त्याची बायको पामेला आणि नुकतंच जन्मलेलं मूल एका लहान होडीतून समुद्रात निघतात. बाप किनाऱ्यावर, उद्ध्वस्त. मुलाचं नाव पणजोबांवरून आर्सेनी ठेवलं आहे, म्हणजे अस्सल रशियन. त्या होडीत बसलेली माणसं ही आता जगातली उरलेली याकी प्रजा, आणि घरात कुठली भाषा बोलायची हे त्यांना तुर्कस्तानचा किनारा येण्याआधी ठरवावं लागणार आहे.