विधी, अर्थवाद आणि फळा : यंत्रवाचकासाठी लिहिलेल्या एका संहितेविषयी

संगणकीय साधनाच्या माहितीपुस्तिकेकडे संहिता म्हणून पाहण्याचे कारण साहित्यसमीक्षेला सहसा पडत नसे. अडलेला माणूस ती उघडत असे, हवे तेवढे उचलत असे आणि मिटून ठेवत असे. आता तिचा वाचक बदलला आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल नावाचा संकेत प्रसिद्ध केला. त्यानुसार साधनाचे नाव, त्याचे वर्णन आणि त्याला पुरवावयाच्या घटकांची यादी कृत्रिम बुद्धीच्या एजंटापुढे ठेवली जाते. ती वाचून साधन चालवावे की नाही, आणि कसे, हे एजंट ठरवतो. हे वर्णन चारचौघांच्या भाषेत लिहिलेले असते, आणि म्हणूनच समीक्षेला त्याच्याशी कर्तव्य आहे.

उदाहरणासाठी व्हाइटबोर्डवरील चित्रे संपादणारे साधन घेऊ. मुळशी तालुक्यातील हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान उद्यानात फळा आणि दस्तऐवज या दोन्ही गोष्टी रोजच्या कामातल्या आहेत. हे साधन चित्र ठेवते, हलवते, कापते, पुसते. माणूस फळ्यासमोर उभा असतो. दस्तऐवजात जे राहून गेले ते तो डोळ्यांनी भरून काढतो. वाचक संहितेतील रिक्त जागा भरतो असे वोल्फगांग इझर याने म्हटले तेव्हा त्याच्यासमोर कथात्म साहित्याचा वाचक होता. त्याने एखादी जागा भलतीच भरली तरी कोणाचे काही पुसले जात नव्हते. एजंटाचे वाचन मात्र कृतीतच संपते.

अशा कृतिप्रवण संहितेच्या विचारासाठी पाश्चात्त्य वाचकसिद्धान्तापेक्षा पूर्वमीमांसा अधिक उपयोगी पडते, असे मला वाटते. लौगाक्षिभास्कराच्या अर्थसंग्रहात वेदवाक्यांचे विधी, मंत्र, नामधेय, निषेध आणि अर्थवाद असे पाच प्रकार केलेले आहेत. मंत्र सोडला तर बाकीचे चारही साधनवर्णनात जसेच्या तसे सापडतात. यांतला अर्थवाद विशेष महत्त्वाचा. वायू हा शीघ्रगामी देव आहे, हे वाक्य वायूप्रीत्यर्थ करावयाच्या यागाची स्तुती करते. स्वतंत्रपणे ते काहीच करावयास सांगत नाही. मीमांसकाला हा विवेक असतो, एजंटाजवळ तो असेलच याची खात्री देता येत नाही. ‘कोणत्याही चित्रासाठी सर्वोत्तम साधन’ हे वाक्य माणूस जाहिरात म्हणून ओलांडून जातो. एजंट त्यातून प्रत्येक चित्रासाठी हेच साधन वापरावे असा विधी काढू शकतो. अशा वर्णनात दुष्ट हेतूने आज्ञा दडवून ठेवण्याचे प्रकार २०२५ मध्ये चर्चेत आले. मला ते या दोषाचेच टोक वाटते. जो वाचक स्तुती आणि आज्ञा वेगळ्या करू शकत नाही, त्याच्यासाठी लिहिणाऱ्याला विशेषणाची चैन परवडत नाही.

क्रियापदांचीही तीच गत. एक्सकॅलिड्रॉ हा २०२० मध्ये ख्रिस्तोफर शेडो याने सुरू केलेला मुक्तस्रोत फळा पाहावा. त्याच्या सामायिक फळ्यावर पुसलेली आकृती तत्काळ नाहीशी होत नाही. ती पुसली गेल्याची खूण तेवढी तिच्या नोंदीत होते. चित्र कापले तरी मूळ चित्र शाबूतच राहते, फक्त त्याची खिडकी लहान होते. एखाद्याने सातबाऱ्याच्या छायाचित्रातला नावाचा रकाना झाकावा म्हणून ते कापावयास सांगितले, आणि दस्तऐवजात नुसते ‘कापते’ एवढेच असले, तर काम झाल्याची ग्वाही मिळेल आणि झाकलेले मात्र काहीच नसेल.

स्थळाचा प्रश्न याहून कठीण. फळ्यावरची जागा क्ष आणि य या दोन अंकांनी सांगता येते, आणि य वरून खाली वाढतो हेही एका वाक्यात सांगून होते. पण जागा म्हणजे केवळ अंक नव्हेत. आपल्या खरेदीखतांत जमिनीची चतुःसीमा लिहितात : पूर्वेस ओढा, पश्चिमेस अमक्याचे शेत, उत्तरेस गाडीवाट. ज्याने ती जमीन कधी पाहिली नाही त्यालाही कागदावरून ती शेजाराने ओळखता यावी, अशी ही गद्यरीती आहे. एक्सकॅलिड्रॉच्या नोंदीत बाण कोणत्या आकृतीला जोडलेला आहे हे लिहिलेले असते. ती एक प्रकारची चतुःसीमाच होय. जे वर्णन एजंटाला अंक देते पण शेजार वाचावयास सांगत नाही, ते त्याला दुसऱ्याच्या टिपणावर चित्र ठेवावयास मोकळे सोडते.

विधीचेही मीमांसेत उत्पत्ती, विनियोग, प्रयोग आणि अधिकार असे चार भेद आहेत. कोणती क्रिया, कोणत्या अंगांनी, कोणत्या क्रमाने, हे पहिले तीन सांगतात, आणि साधनवर्णनेही ते बऱ्यापैकी सांगतात. चौथा भेद फलाचा स्वामी कोण हे सांगतो. तेथे ही संहिता गप्प होते. ही गप्प जागा किती महाग पडू शकते याची साक्ष याच तालुक्यात आहे. १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशीत सत्याग्रह झाला. त्या वेळी जमीन कसणारा मावळा आणि कागदावर धनी असलेला पुण्याचा सावकार अनेक ठिकाणी एक नव्हते. मोबदल्याचा कागद वाचणाऱ्याला कागदावरचाच धनी दिसत होता. फळ्यावरची आकृती आणि बुडालेले शेत यांची बरोबरी करण्याचा अर्थातच हेतू नाही; नोंद वाचून दुरून कृती करणारा वाचक दोन्हीकडे तोच आहे, एवढेच.

प्रोटोकॉलच्या मार्च २०२५ च्या आवृत्तीत साधन केवळ वाचणारे आहे की विध्वंसक, हे दर्शवणाऱ्या खुणा आल्या. पण त्या केवळ सूचक आहेत, असे संकेतातच म्हटले आहे. म्हणजे निषेधाचे काम पुन्हा वर्णनाच्या गद्यावरच येते. ‘दुसऱ्याने काढलेली आकृती त्याला विचारल्यावाचून हलवू नये’, असे वाक्य लिहावयास अवघड नाही. ते पाळावयाचे तर आकृती कोणाची हे एजंटाला कळले पाहिजे. एक्सकॅलिड्रॉमध्ये प्रत्येक आकृतीच्या नोंदीत ती शेवटची केव्हा बदलली याची वेळ असते, तिला कुलूप आहे की नाही हे असते, तिच्या रेषेचा हाताने काढल्यासारखा वेडेवाकडेपणा कायम राहावा म्हणून एक अंकही जपलेला असतो. ती काढणाऱ्याच्या नावासाठी मात्र तेथे रकाना नाही.