काळजी नसावी!

दिवाळी अंकात परीक्षण लिहावे ते कथासंग्रहाचे किंवा नाटकाचे, असा आपल्याकडचा रिवाज आहे. मी मात्र यंदा अवघ्या दोन शब्दांचे परीक्षण करणार आहे. ते शब्द म्हणजे 'लीस्ट कन्सर्न'. आणि ते ज्याच्या नावापुढे लिहिले आहेत, तो आमच्या नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडील घाटरानातला गवई, शीळकरी कस्तूर.

हा पक्षी पुष्कळांना नावाने ठाऊक नसेल, पण घाटात पावसाळा काढलेल्यांना कानाने नक्की ठाऊक असेल. साळुंकीहून किंचित मोठा, काळ्यानिळ्या अंगाचा, कपाळावर आणि खांद्यांवर चकाकती निळाई. पावसाळ्यात पुरते उजाडण्याआधीच तो ओढ्याकाठी शीळ घालू लागतो. ती इतकी माणसासारखी, की इंग्रजांनी त्याला 'शीळ घालणारा शाळकरी पोरगा' म्हटले. ओढ्याकाठच्या कपारीत, कधी धबधब्याच्या आडोशाला तो घरटे बांधतो. किडे, खेकडे, गोगलगायी आणि रानफळे खातो. त्याचा सारा संसार वाहत्या पाण्यावर आणि त्यावर वाकलेल्या झाडीवर चालतो.

आययूसीएन ही निसर्ग संवर्धनाची जागतिक संघटना 1964 सालापासून 'लाल यादी' ठेवीत आली आहे. दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, यांतील जो काळ मोठा असेल त्यात, एखाद्या जातीची संख्या तीस टक्क्यांनी घटली, तर तिला धोक्याच्या पहिल्या पायरीवर ठेवता येते. मुलूख लहान असून आक्रसत असेल, तरीही तसेच. आमचा कस्तूर सह्याद्रीभर आणि सातपुड्यातही पसरलेला. म्हणून त्याच्यापुढे शेरा पडला : चिंता नाही. निलगिरीच्या डोंगरमाथ्यांपुरता उरलेला शोलाकिळी हाही गाणाराच, पण तो संकटग्रस्तांत मोडतो. मदत थोडी आणि गरजू पुष्कळ असताना असा क्रम लावावाच लागतो. तेव्हा शेरा खोटा आहे, असे माझे म्हणणे नाही.

माझी तक्रार आहे ती त्याच्या वाचनाविषयी. जुन्या पत्रांत शेवटी 'इकडील सर्व क्षेम, काळजी नसावी' असे असे. ते वाचून कोणती आई निश्चिंत झाली? मराठीत काळजी 'करतात' आणि काळजी 'घेतात'ही. शेरा म्हणतो, काळजी करू नका. आपण वाचतो, काळजी घेऊ नका!

शिवाय हा शेरा जातीचा आहे, जागेचा नव्हे. इगतपुरीकडच्या एखाद्या ओढ्याकाठची झाडी तुटली, उन्हाळ्यात वणवा फिरला, तर तिथली शीळ कायमची थांबेल. यादीतले अक्षरही हलणार नाही. आणि यादी हलते तीही सावकाश. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स'च्या 2023 च्या अहवालात ज्या 338 जातींचा दीर्घ काळाचा कल समजू शकला, त्यांपैकी 204 घटलेल्या आढळल्या. त्याच अहवालाने 14 जातींच्या जागतिक दर्जाचा फेरविचार सुचवला. त्यांत दसऱ्याला ज्याचे दर्शन आपण शुभ मानतो तो नीलकंठही आहे. त्याच्याही नावापुढे तोवर 'चिंता नाही' हेच लिहिलेले होते!

आम्हा नाशिककरांचे पक्षिप्रेम थंडीत नांदूरमध्यमेश्वरला जाते. ते महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ झाले, याचा अभिमान योग्यच आहे. परंतु दुरून आलेल्या पाहुण्यांसाठी आपण दुर्बिणी काढतो, आणि बारमाही घरचा गवई कुणाच्या वहीत नसतो. गावोगावच्या शाळांनी दर वर्षी मृगानंतर पहिली शीळ कोणत्या ओढ्यावर, कोणत्या तारखेला ऐकू आली, एवढे जरी टिपले, तरी जागतिक यादीत जे मावत नाही ते आपल्या वहीत राहील.

आता दिवाळीच्या दिवसांत त्याचे गाणे विरळ झालेले असते. हा ऋतूचा नियम आहे; त्याची काळजी नसावी. पुढच्या आषाढात मात्र ओढा भरून वाहत असेल आणि शीळ नसेल, तर तो नियम नव्हे. आणि ते कुणाच्या ध्यानातही आले नाही, तर यादीला बोल लावण्याचा अधिकार आपल्याला उरणार नाही.